गाणारे काउबॉय आणि ५३ मिनिटांची कात्री

बोलपट आले तेव्हा अमेरिकेत वेस्टर्नवाल्यांची, म्हणजे काउबॉयचे सिनेमे काढणाऱ्यांची, पंचाईतच झाली होती, कारण पळते घोडे, धूळ, मोकळं माळरान, तिथे माइक ठेवायचा कुठे? मग कुणीतरी गाणं घातलं. १९३३ मध्ये एका धिप्पाड हिरोच्या तोंडी चक्क दुसऱ्याचा आवाज दिला, पण ते काही जमलं नाही. १९३५ मध्ये मात्र रेडिओवर गाजलेल्या जीन ऑट्री या गायकालाच हिरो केलं आणि गाडी सुसाट सुटली.

तासाभराचे, कमी खर्चाचे सिनेमे. घोड्यावर गिटार घेऊन गाणारा हिरो, मागे कुठेच न दिसणारी वाद्यं, आणि त्याच गावात मोटारी, टेलिफोन, रेडिओ सगळं हजर. वेस्टर्न म्हणजे जुना काळच पाहिजे म्हणणारे यावर नाकं मुरडतात, पण आपण हिंदी-मराठी सिनेमावर वाढलेलो, आपल्याला यात काय खटकणार! १९३८ मध्ये पगारावरून या हिरोचं बिनसलं, तो शूटिंगला आलाच नाही, तर स्टुडिओने दुसरा, रॉय रॉजर्स, उभा केला आणि तोही तितकाच मोठा स्टार झाला.

खरा घोळ झाला टीव्ही आल्यावर. १९५१ मध्ये स्टुडिओने जुने सिनेमे टीव्हीला द्यायचं ठरवलं, जाहिरातींना जागा म्हणून ५३ मिनिटांत बसवून. तो दुसरा हिरो, रॉजर्स, कोर्टात गेला. त्याचं म्हणणं साधं होतं, माझ्या सिनेमाच्या मधे कुणाचाही माल विकला तर लोकांना वाटणार मीच तो घ्या म्हणतोय, आणि जाहिरातीसाठी नाव वापरायचा हक्क करारात माझ्याकडे आहे. खालच्या कोर्टाने त्याचं ऐकलं. ऑट्रीनेही तसाच दावा लावला तर दुसऱ्या जजने उलटा निकाल दिला, म्हणजे करार जवळपास सारखे आणि निकाल दोन! शेवटी १९५४ मध्ये अपिलात दोन्हीकडे स्टुडिओच जिंकला. मला हा निकाल आजही पटत नाही. कारण वेळ कमी करायचा तर गोष्ट तोडून चालत नाही, मारामारी तर पोरांना हवीच असते, मग कात्री लागते ती गाण्याला, आणि ज्या गाण्यांसाठी हे सिनेमे काढले तीच गेल्यावर उरतं काय? पुढे टीव्हीवर हे तुकडे पाहून ‘स्वस्तातले सिनेमे’ म्हणणाऱ्यांनी पूर्ण सिनेमा पाहिलेलाच नसतो.

त्याच १९५४ मध्ये थिएटरमधला गाणारा काउबॉय जवळपास संपला. ऑट्रीने मात्र आपल्या सिनेमांच्या प्रती सांभाळून ठेवल्या होत्या, त्यावरून पुढे बरेच सिनेमे गाण्यांसकट पूर्ण लांबीचे परत तयार झाले. बघायचे तर तेच बघा.