आपल्या जमिनीतला मातीचा बांध आणि त्यामागचे तळे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी आणि सांगेच्या डोंगराळ भागात त्याहूनही अधिक, आणि तरीही एप्रिल उजाडेपर्यंत त्याच डोंगरांतले बरेच व्हाळ, म्हणजे ओढे, आटलेले असतात. म्हणून काजूच्या बागेत किंवा कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला लहानसा मातीचा बांध घालावा, उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकावे आणि त्या पाण्यावर पाखरे, बेडूक, रानातली जनावरे यावीत, अशी इच्छा घेऊन अनेक जण आमच्याकडे येतात. ही इच्छा चांगली आहे आणि ती आमचीही आहे. परंतु बांधाला जे हवे असते ते रानाला नको असते आणि रानाला जे हवे असते ते बांधाला घातक ठरते. या दोहोंसाठी जागा वेगळ्या कशा ठेवायच्या, हे काम सुरू होण्याआधीच आपल्याला माहीत असावे, यासाठी हे पत्रक आहे.

आधी सांडवा, मग बांध

मातीचा बांध सहसा नुसत्या पाण्याच्या दाबाने मोडत नाही. पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागले की मात्र तो काही तासांत कापला जातो. त्यामुळे आम्ही जागा पाहायला आलो की बांध कुठे घालायचा याआधी जादा पाणी कुठून जाणार हे पाहतो. हिशेब साधा आहे. तळ्याकडे उतरणारे पाणलोट १० हेक्टर असेल, जोराच्या सरीचा वेग तासाला १०० मिलिमीटर धरला आणि त्यातले साठ टक्के पाणी वाहून येते असे मानले, तर तासाला ६,००० घनमीटर पाणी तळ्यात शिरते, म्हणजे दर सहा सेकंदांना १०,००० लिटरचा एक टँकर रिता व्हावा तितके. हे पाणी सुखरूप बाहेर काढील इतका रुंद सांडवा बांधाच्या एका कडेला, भरावावर नव्हे तर मूळच्या घट्ट जमिनीत काढावा लागतो, आणि सांडव्याच्या पातळीपासून बांधाचा माथा निदान एक मीटर उंच ठेवावा लागतो. साळावली धरणाचा गोल सांडवा पाहायला लोक हौसेने जातात. आपल्या तळ्याचा सांडवा तेवढा देखणा नसला तरी त्याचे काम तेच आहे. खर्च कमी करण्यासाठी सांडवा अरुंद करा, असे आम्हांला सांगितले जाते तेव्हा आम्ही काम घेत नाही.

मातीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गोव्यात खरी अडचण तिथेच येते. जांभा सच्छिद्र असतो; चिऱ्यांच्या खाणीतला ताजा दगड पाहिला तर त्यातली भोके डोळ्यांना दिसतात, आणि तशा जमिनीवर नुसता मातीचा ढीग रचला तर पाणी खालून निघून जाते. जांभ्याखाली लागणारी पांढुरकी, गुलाबीसर मऊ माती हाताला चिकणी वाटते, परंतु भिजली की तिचे बळ जाते आणि ती पाण्याबरोबर वाहते, म्हणून ती गाभ्यासाठी, म्हणजे बांधाच्या आतल्या पाणी अडवणाऱ्या भिंतीसाठी, चालत नाही. आम्ही मातीचे बोराएवढे खडे पाण्याच्या पेल्यात ठेवून पाहतो: खड्याभोवती दहा मिनिटांत दुधासारखा ढग पसरू लागला तर ती माती बाद. चांगली चिकणमाती मिळाली की तिचा गाभा बांधाच्या मधोमध, खाली घट्ट थरापर्यंत खणलेल्या चरातून वर उचलतात. माती किंचित ओलसर असताना १५ ते २० सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर रोलरने दाबतात. बाहेरच्या दोन्ही उतारांना घाई केलेली चालत नाही: पाण्याकडच्या बाजूला एकास तीन (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवे), खालच्या बाजूला एकास अडीच.

या कामात आमच्या हातून झालेली एक चूक आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बांधाखालचे जुन्या झाडाचे खोड खणून न काढता आम्ही ते मातीखाली गाडले. तीन पावसाळे काही झाले नाही. चौथ्या वर्षी जुलैत बांधाच्या पायथ्याशी अंगठ्याएवढी धार दिसली. पहिल्या दिवशी ती नितळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाच्या रंगाची झाली होती आणि तोंडाशी बारीक मातीचे एक वर्तुळ साचले होते. कुजलेल्या मुळांच्या वाटेने बांध आतून पोखरला जात होता. त्याच दिवशी सांडवा खणून पाणी दीड मीटर उतरवले म्हणून बांध वाचला, पण त्या वर्षीचे तळे गेले. पायथ्याशी नितळ पाझर असेल तर तो लक्षात ठेवा आणि आम्हांला कळवा. पाझर गढूळ झाला तर उद्याची वाट पाहू नका, पाणी उतरवायला लागा.

बांधावर काय नको

बांधावर झाड नको, झुडूप नको, बांबूचे बेट तर नकोच. हरळी लावा, उताराला वाळ्याच्या ओळी लावा आणि वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर, गवत कापा, म्हणजे भेगा आणि बिळे दिसतील. कुर्ल्या, घुशी, साळिंदर आणि वाळवी या चौघांना भराव फार आवडतो. बीळ दिसले की ते नुसते वरून बुजवू नका. शेवटापर्यंत खणून चिकणमातीने ठोकून भरा. पूर्वी खाजनांचे (खाडीकाठच्या शेतजमिनींचे) बांध गावकरी मिळून दरवर्षी दुरुस्त करीत, राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, नारळ ठेवूनच कामाला हात घालीत. ती दरवर्षीची फेरी हाच त्या बांधांच्या दीर्घ आयुष्याचा पाया होता.

रानाची बाजू

बांधापासून दूर, जिथे व्हाळ तळ्यात येतो, ते टोक मात्र आपण रानाला सोडावे. तिथे काठ एकास चार किंवा त्याहून सौम्य उताराचा हवा, म्हणजे तान्ह्या पिलांनाही पाण्यात उतरता आणि बाहेर पडता येते. प्लास्टिक कागदाच्या निसरड्या काठावरून घसरून जनावरे बुडतात, म्हणून असा कागद आम्ही सुचवत नाही. मधला भाग निदान अडीच ते तीन मीटर खोल असावा, कारण फेब्रुवारी ते मे या काळात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेले तरी चार महिन्यांत ६० सेंटिमीटर उतरते, आणि पाझर वेगळाच.

जूनच्या पहिल्या पावसात या टोकाला पाण्यावर झुकलेल्या फांद्या नीट पाहा. पानांना मुठीएवढा पांढरा फेस लटकलेला दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे आहे. पिले थेट खालच्या पाण्यात पडतात, म्हणून त्या फांद्या कापू नयेत. पहिल्या पावसात बेडूक धरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्या माणसांनाही सांगावे. याच दिवसांत चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट वर येतात. उंच सांडव्यापाशी ते अडतात, म्हणून सांडव्याची खालची वाट आम्ही दगडांच्या लहान पायऱ्यांची करतो.

पाण्यात तिलापिया किंवा आफ्रिकन मागूर सोडू नका. ते स्थानिक मासे, बेडकांची पिले सगळे फस्त करतात, आणि पुरात व्हाळात गेले की परत काढता येत नाहीत. शोभेची जलपर्णीही नको. डासांची काळजी अनेकांना वाटते. चतुराच्या अळ्या आणि इथलेच लहान मासे असलेल्या तळ्यात डास सहसा बळावत नाहीत. टिबुकली आणि पाणकोंबडी एक-दोन वर्षांत येतात, अडया (शिट्टी घालणारी रानबदके) उशिरा. कुडचडे येथील नंदा तळे, जे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले, तेही पाणी अडवूनच टिकते आणि त्याच पाण्यावर खालची भातशेती होते.

परवानग्यांबाबत: डोंगर कापणे किंवा सखल जमीन भरणे यासाठी नगर नियोजन कायदा, १९७४ च्या कलम १७-अ खाली मंजुरी लागते, आणि व्हाळ अडवण्यापूर्वी जलसंपदा खात्याशी बोलावे. खाली कुणाचे कुळागर असेल तर त्याच्याशी आधी बोलणे हे आम्ही कागदाइतकेच आवश्यक मानतो, आणि बांधातल्या नळातून उन्हाळ्यातही थोडे पाणी व्हाळात जात राहील अशी सोय ठेवतो.

भरावाचे काम जानेवारीत सुरू करून एप्रिलअखेर संपवावे लागते, म्हणजे पावसाआधी हरळी मूळ धरते. पहिल्या पावसाळ्यात आम्ही दर आठवड्याला येतो. त्यानंतर वर्षातून दोनदा. मधल्या काळासाठी तळ्यात खुणा केलेली एक काठी उभी करून देतो. पाण्याची पातळी, पाऊस आणि पायथ्याच्या पाझराचा रंग या तीन गोष्टी आपण एका वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात आणि आम्ही येऊ तेव्हा ती वही दाखवावी.