नालबंद आणि लोहार: ऐरण सारखी, काम वेगळं

युरोपात संत एलिजियसची एक जुनी आख्यायिका सांगतात. सातव्या शतकातला हा सोनार पुढे बिशप झाला. नाल ठोकायला आणलेला घोडा काही केल्या उभा राहीना, तेव्हा त्याने घोड्याचा पाय काढून घेतला, ऐरणीवर ठेवून नाल ठोकली आणि पाय होता तिथे परत जोडला. घोडा चालत निघून गेला. ही गोष्ट ज्याने रचली त्याला नालबंदाचं काम जवळून ठाऊक असणार. लोहार आपलं काम सांडशीत धरतो, हवं तसं फिरवतो, नको झालं तर बाजूला ठेवतो. नालबंदाचं काम सुमारे पाचशे किलोच्या जिवंत जनावराला जोडलेलं असतं, आणि ते जनावर नुसती माशी बसली तरी पाय ओढून घेतं.

घोड्यांचा लळा असलेल्या आणि नालबंद व्हायचं मनाशी धरलेल्या मुलामुलींना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, आधी लोहारकाम शिकावं का? प्रश्न चुकीचा नाही. दोघांकडे भट्टी आहे, ऐरण आहे, हातोडा आहे, पुढे चामडं बांधलेलं आहे. इंग्रजीतला 'फॅरिअर' हा शब्दसुद्धा लॅटिन 'फेरम', म्हणजे लोखंड, यावरून आलेला. आपल्याकडचा 'नालबंद' फारसीतून आला, आणि त्यात नालेबरोबर 'बांधणं'ही आहे. बांधायची कशाला, तर खुराला. मला हा शब्द अधिक खरा वाटतो. (मराठेशाहीत मोहिमेआधी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम मिळे तिला 'नालबंदी' म्हणत. घोडा चालता ठेवायचा तर पहिला खर्च कुठे येतो, हे त्या शब्दातच दिसतं.)

लोखंडाच्या बाजूने पाहिलं तर लोहाराचं शास्त्र नालबंदापेक्षा कितीतरी मोठं आहे. कुऱ्हाड, छिन्नी, बिजागरी, फाटक, प्रत्येकाचं लोखंड वेगळं आणि त्याला द्यायची आच वेगळी. तापलेल्या पोलादाचा रंग बघून तो घाव कधी घालायचा ते ठरवतो. धारेच्या हत्याराला पाणी द्यावं लागतं, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करावं लागतं, मग ते ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताने तापवावं लागतं. दोन तुकडे नुसत्या आचेवर आणि घावांवर सांधणं ही तर वेगळीच विद्या.

नालबंदाला यातलं बरंचसं लागत नाही. नाल साध्या मऊ पोलादाची, शर्यतीच्या घोड्यांसाठी बहुधा ॲल्युमिनियमची. पट्टी वाकवणं, सपाट करणं, भोकं पाडणं, टोकाशी छोटी कड उचलणं, एवढं त्याला चोख यावं लागतं. त्याची ऐरणही सहसा हलकी असते, गाडीत टाकून तबेल्यापर्यंत नेता येईल अशी, आणि तिचं शिंग, म्हणजे पुढे आलेलं निमुळतं टोक, नाल वाकवायच्या सोयीने घडवलेलं असतं. शिवाय नाल तयारही मिळते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी हेन्री बर्डन याने 1835 मध्ये नाल बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ती कारखान्यात बनते आहे. आज पुष्कळ चांगले नालबंद तयार नाल घेऊन ती त्या घोड्याच्या खुराप्रमाणे वाकवून बसवतात, आणि त्यांना कोणी कमी लेखत नाही.

मग त्यांचं कौशल्य कशात? खुरात.

खूर बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो वाढत असतो. त्याची भिंत केराटिनची, आपल्या नखासारखी. ती महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. वरच्या केसाळ कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवी भिंत उतरायला जवळजवळ वर्ष लागतं. नाल ठोकलेला खूर जमिनीवर घासला जात नाही, म्हणून दर चार ते आठ आठवड्यांनी नाल काढायची, वाढलेलं कापायचं, कानस मारायची आणि पुन्हा बसवायची. उभ्या घोड्याचा साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. पुढचे खूर गोलसर, मागचे थोडे निमुळते. एकाच घोड्याचे डावे-उजवे खूरही तंतोतंत सारखे नसतात.

खुराचा पुढचा भाग लांब राहू दिला, तर प्रत्येक पावलाला खूर जमिनीवरून उशिरा उलटतो आणि पायाच्या मागच्या कंडरांवर (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांवर) ताण येतो. एक बाजू उंच राहिली तर वरचे सांधे वाकडा भार सोसतात. म्हणून जाणता नालबंद हत्याराला हात लावण्याआधी घोडा चालवून बघतो: पाय सरळ पडतो का, आधी टाच टेकते की टोक, डोकं कुठल्या पावलाला वर जातं. लंगडणारा घोडा दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर करतो. हे बघणं शिकायला वर्षं लागतात, आणि कुठल्याही ऐरणीवर ते शिकता येत नाही.

दोन्ही कामांतला सगळ्यात मोठा फरक दिसतो तो खिळा ठोकताना. खूर उलटा धरला की बाहेरची भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर एक फिकट रेषा दिसते, तिला पांढरी रेषा म्हणतात. तिच्या बाहेरच्या भागात संवेदना नाही, आत गेलात की जिवंत मांस. खिळा त्या रेषेवरून किंवा तिच्या बाहेरूनच जायला हवा. नालेच्या खिळ्याचं टोक एका बाजूने उतरतं केलेलं असतं, आणि तो उतार आतल्या बाजूला धरला की खिळा जाता जाता बाहेर वळतो आणि भिंतीतून निघतो. निघालेलं टोक लगेच मुरडून तोडायचं, नाहीतर घोड्याने पाय ओढला की नालबंदाची मांडी फाटते. उरलेला शेंडा वळवून भिंतीत दाबून बसवायचा. नालबंद हे काम कानानेही करतो. खिळा चांगल्या खुरातून जात असेल तर आवाज भरीव येत जातो, बद्द आला तर थांबायचं आणि खिळा उपसायचा.

लोहाराचा घाव चुकला तर तो लोखंड पुन्हा भट्टीत घालतो. नालबंदाचा खिळा आत लागला तर घोडा लंगडतो, कधी खुरात पू होतो. नुसता जवळून गेला तर त्याहून फसवं, कारण तेव्हा काहीच कळत नाही. आतल्या मांसावर दाब येत राहतो आणि दोन-तीन दिवसांनी घोडा पाय टाकेनासा होतो. म्हणून नवख्याच्या हातात खिळा लवकर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गरम नाल बसवताना मात्र दोन्ही कामं एकमेकांच्या अगदी जवळ येतात. तापलेली नाल काही क्षण खुराला लावतात. जळक्या केसांसारखा वास सुटतो, धूर होतो आणि बघणाऱ्याचा जीव वर येतो. घोड्याला त्याने दुखत नाही, कारण खुराच्या शिंगासारख्या भागातून उष्णता फार हळू आत जाते. नाल कुठे टेकली ते डागावरून कळतं आणि उंच राहिलेली जागा कानशीने उतरवता येते. पण नाल बसत नाही म्हणून खूरच जाळत राहणं हा अपराध आहे. नाल खुराप्रमाणे घडवायची, खूर नालेप्रमाणे नाही. लोखंडाची सवय झालेला हात नेमका इथे चुकतो, कारण त्याला वाटतं समोरची वस्तू आपल्या आकारात यायला हवी.

इंग्लंडमध्ये हा फरक जुनाच आहे. लंडनमध्ये लोहारांचा आणि नालबंदांचा व्यवसाय-संघ वेगवेगळा आहे, आणि नालबंदांचा संघ आपली सुरुवात 1356 पर्यंत मागे नेतो. 1791 मध्ये लंडनला पशुवैद्यकाचं महाविद्यालय निघालं, तोवर घोड्याची दुखणीही बहुतेक नालबंदच बघत. पुढे 1975 चा कायदा आला आणि ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्याने घोड्याला नाल ठोकणं गुन्हा ठरलं. अडाणी हातांनी घोड्याचे हाल होऊ नयेत, हा या कायद्याचा हेतू. लोहाराला असं बंधन नाही. तिथला शिकाऊ उमेदवार मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली साधारण चार वर्षं राहतो. अमेरिकेत परवान्याची सक्ती नाही, पण संघटनांच्या परीक्षा आहेत.

तेव्हा मला विचाराल तर आधी घोडा, मग कानस आणि चाकू, मग भट्टी. लोहाराकडे काही महिने काढल्याने नुकसान होत नाही. हातोडा सरळ पडायला लागतो, आच ओळखता येते, आणि दुखऱ्या खुरासाठी वेगळ्या घडणीची नाल लागली की हे ज्ञान कामी येतंच. (अशा वेळी पशुवैद्य एक्स-रे काढून काय हवं ते सांगतो आणि नालबंद ते घडवतो. खुरातल्या हाडाचं दुखणं एकट्याने अंगावर घ्यायचं नाही.) पण भट्टीपासून सुरुवात केलेल्याला घोड्याच्या अंगाखाली वाकून, त्याचा पाय गुडघ्यांत धरून अर्धा तास उभं राहणं अचानक जमत नाही. पाठ बोलते. आणि घोडा समोरच्याची धास्ती लगेच ओळखतो.

सुरुवातीचे महिने घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराबरोबर घालवावेत. रोज चारही पाय उचलायचे, खूर खरवडून साफ करायचे, घोड्याला अचानक मागून न जाता खांद्यापासून हात फिरवत पायापर्यंत यायचं. कुठला घोडा कुठल्या पायाला नाखूश आहे ते लक्षात ठेवायचं. संधी मिळाली तर मेलेल्या घोड्याचा उभा चिरलेला खूर बघावा. शिकाऊ नालबंद अशाच खुरांवर खिळ्याचा सराव करतात. बाहेरची भिंत, मधली ती अरुंद फिकट रेषा आणि तिच्या आत लगेच सुरू होणारा जिवंत भाग तिथे डोळ्यांनी दिसतो, आणि त्यानंतर हातोडा उचलणारा हात आपोआप हळू होतो.