खडकातले पाणी आणि त्यातले क्षार : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

बडोद्याहून जंबुसरच्या दिशेने, खंभातच्या आखाताकडे जाऊ लागले की जमिनीखालचे पाणी मचूळ आणि पुढे खारट होत जाते. या खारटपणाचे उत्तर आपण सहसा एका वाक्यात देतो : समुद्र जवळ आहे, म्हणून पाणी खारे आहे. काही ठिकाणी ते खरेही असते. परंतु समुद्रापासून दूर, उत्तर गुजरातच्या मैदानातही खोल थरांतले पाणी पिण्याला अयोग्य निघते, आणि तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर जे पाणी वर येते ते आजच्या कोणत्याही नदीशी किंवा समुद्राशी जुळत नाही. गाळाच्या खडकांतल्या पाण्यावर काम करणाऱ्या भूरसायनशास्त्रज्ञांचा गेल्या शंभरेक वर्षांचा प्रवास पाहिला, तर त्यांची खरी कमाई एका लहानशा वाटणाऱ्या भेदात आहे असे मला वाटते. पाणी कुठून आले हा एक प्रश्न आणि त्यातले क्षार कुठून आले हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरल्यामुळे हा विषय बराच काळ अडून राहिला.

बडोदे शहराला या खोल पाण्याशी फारसा संबंध ठेवण्याची गरज पडली नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचा तलाव झाला, पुढे महीच्या पात्रातल्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या फ्रेंच विहिरी आल्या, आणि शहराचा भर उथळ, ताज्या पाण्यावर राहिला. भूविज्ञानाची नोंद मात्र संस्थानाने लवकर करून घेतली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून १८९१ मध्ये निवृत्त झालेले रॉबर्ट ब्रूस फूट बडोदे संस्थानात भूशास्त्रज्ञ म्हणून आले आणि संस्थानाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला. पृष्ठभागावर दिसणारा खडक नोंदवणे हे त्या काळचे काम होते. मैदानी गाळाच्या खाली हजारो मीटर जाडीचे तृतीयक काळातले, म्हणजे दख्खनच्या लाव्हानंतर साचलेले, थर आहेत, त्यांच्या तळाशी दख्खनचा काळा पाषाण आहे, आणि हे सारे एका खचलेल्या खोऱ्यात, म्हणजे ज्याला आज कॅम्बे खोरे म्हणतात त्यात, साठलेले आहे, याचे संपूर्ण चित्र तेलासाठी खोदकाम सुरू झाल्यावरच हाती आले.

अशा खोऱ्यातल्या पाण्याविषयीची पहिली नेटकी कल्पना अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे भूशास्त्रज्ञ आल्फ्रेड लेन यांनी १९०८ मध्ये मांडली. गाळ समुद्राच्या तळाशी साचतो, त्याच्या कणांमध्ये समुद्राचे पाणी अडकते, वर नवे थर चढत जातात आणि ते पाणी खडकातच बंद होते. असे हे खडकाबरोबर जन्मलेले, सहजात पाणी. कल्पना सोपी होती आणि पटण्यासारखीही होती. खाणींमध्ये आणि खोल विहिरींमध्ये मिळणारे पाणी खारट होते, खडक सागरी होते, आणखी काय हवे होते? अडचण रासायनिक पृथक्करणाने उभी केली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर काही खोऱ्यांतल्या पाण्यात हे प्रमाण ३०० ग्रॅमच्या पुढे जाते. शिवाय समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम बरेच जास्त असते. खडकातल्या पाण्यात हा क्रम उलटा असतो आणि सल्फेट तर बहुधा नगण्य उरते. जुना समुद्रच अडकून राहिला असेल, तर तो इतका बदलला कसा?

पहिले स्पष्टीकरण गाळणीचे होते. दाबाखाली पाणी शेलच्या, म्हणजे दबून घट्ट झालेल्या चिकणमातीच्या खडकाच्या, थरातून पलीकडे जाते, क्षारांचे आयन (विद्युतभार असलेले कण) अलीकडे अडतात आणि मागे राहिलेले पाणी अधिकाधिक खारे होत जाते, असा तो विचार. प्रयोगशाळेत मातीच्या दाबलेल्या चकत्यांवर हे घडवून दाखवता येते. प्रत्यक्ष खोऱ्यात मात्र त्यासाठी लागणारे दाब इतके मोठे आणि इतका दीर्घ काळ टिकणारे हवेत की सर्व खाऱ्या पाण्याचा भार या एका क्रियेवर टाकणे आज फारसे कोणी मान्य करत नाही. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने हालचालीचा विचार पुढे येत होता. हेन्री दार्सी यांनी फ्रान्समधल्या दिजाँ इथे वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम १८५६ मध्येच मांडला होता. पण एका संपूर्ण खोऱ्यात उथळ, मध्यम आणि खोल असे प्रवाहांचे एकात एक गुंतलेले जाळे असते, हे योझेफ टोट यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखवले. बंद कोठारात साठवलेले पाणी ही प्रतिमा त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही.

निर्णायक पुरावा पाण्याच्या रेणूतूनच मिळाला. पाण्याच्या काही रेणूंत नेहमीच्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम किंवा नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-१८ हे जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा अधिक वजनाचा अणू, असते. बाष्पीभवन आणि पाऊस यांच्या फेऱ्यात या दोहोंचे प्रमाण जोडीने बदलते. हार्मन क्रेग यांनी जगभरचे पावसाचे, नद्यांचे आणि बर्फाचे नमुने मोजून १९६१ मध्ये दाखवले की ड्यूटेरियमचे विचलन, म्हणजे प्रमाण मानलेल्या समुद्राच्या पाण्यापासूनचा दर हजारी फरक, हे ऑक्सिजन-१८ च्या विचलनाच्या आठपट अधिक दहा इतके असते. आलेखावर ही एक सरळ रेषा होते आणि पावसाचे पाणी साधारणपणे त्या रेषेवर बसते. १९६६ मध्ये रॉबर्ट क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय, मिशिगन, आल्बर्टा आणि मेक्सिकोच्या आखाताचा किनारा या तेलखोऱ्यांतल्या खाऱ्या पाण्याचे हेच मोजमाप केले. खडकातले पाणी जर एकाच जातीच्या जुन्या समुद्राचे असते, तर सर्व खोऱ्यांची मापे समुद्राच्या पाण्याभोवती गोळा व्हायला हवी होती. तसे झाले नाही. प्रत्येक खोऱ्याचे बिंदू स्वतंत्र ओळीत बसले आणि ती ओळ मागे नेली की त्या त्या प्रदेशातल्या पावसाच्या पाण्यापाशी पोचली. थंड आल्बर्टाची ओळ थंड पावसाकडे गेली, उबदार आखाती किनाऱ्याची उबदार पावसाकडे. ऑक्सिजनचे माप आलेखावर उजवीकडे, जड बाजूला सरकले होते, कारण तापलेल्या खोलीत पाणी आणि चुनखडक यांच्यात ऑक्सिजनची देवाणघेवाण होते. हायड्रोजन खडकात तुलनेने फार कमी असल्याने त्याची मूळ ओळख बरीचशी टिकून राहिली होती. अर्थ असा की पाण्याचा मोठा भाग पावसाचा होता. मग मीठ?

त्याचे उत्तर ब्रोमाइडने दिले, आणि ते समजायला आपल्याकडची मिठागरे पुरेशी आहेत. समुद्राचे पाणी आटू लागले की एका टप्प्यावर मीठ जमू लागते, पण ब्रोमाइड त्या स्फटिकात जवळजवळ शिरत नाही. ते उरलेल्या दाट, कडवट पाण्यात साठत जाते. म्हणूनच कच्छमध्ये मिठागरांच्या या उरल्या पाण्यापासून ब्रोमीन काढता येते. समुद्रात क्लोराइडचे वजन ब्रोमाइडच्या सुमारे २९० पट असते. भूगर्भातल्या पाण्यात हे गुणोत्तर त्याहून बरेच मोठे निघाले, तर ते पाणी जुन्या मिठाचे थर विरघळवून खारे झाले आहे. लहान निघाले, तर त्यात आटलेल्या समुद्राचा अंश आहे. या कसोटीने १९६६ च्या निष्कर्षालाही मर्यादा घातली. काही खोऱ्यांत पावसाचे पाणी आणि आटलेल्या प्राचीन समुद्राचे दाट पाणी यांचे मिश्रण असल्याचे पुढच्या अभ्यासांत दिसले, तेव्हा लेन यांची कल्पना सर्वस्वी चुकीची होती असेही म्हणता येणार नाही. ती अपुरी होती.

बाकीचे बदल खडकाने केलेले आहेत. चुनखडकाचे डोलोमाइट हे मॅग्नेशियमयुक्त खनिज होताना पाण्यातले मॅग्नेशियम खडकात जाते आणि कॅल्शियम पाण्यात येते; फेल्डस्पार या खनिजात सोडियम शिरताना पुन्हा कॅल्शियम सुटते; जिवाणू सल्फेट संपवतात. स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तापून इलाइट होताना स्वतःत धरलेले पाणी सोडते, म्हणजे खडक पाणी निर्माणही करतो. १९७८ मध्ये कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या तेलक्षेत्रांतल्या पाण्यात, विशेषतः ८० अंश सेल्सिअसच्या वरच्या पट्ट्यात, अॅसिटेटसारख्या सेंद्रिय आम्लांचे मोठे प्रमाण आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तेल तयार होण्याआधी किंवा होताना वालुकाश्मातली पोकळी याच आम्लांनी वाढते का, यावर मोठा वाद झाला. अशा प्राचीन द्रवाचे थेंब स्फटिकांत अडकून राहतात. हेन्री सॉर्बी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १८५८ मध्ये त्यावर लिहिले होते. खनिज वाढले तेव्हाचे तापमान या थेंबांवरून आजही काढतात.

गुजरातमध्ये हे सारे शास्त्र तेलाच्या पाठीवर आले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाला १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज इथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले, बडोदे हे आयोगाचे मोठे केंद्र झाले, आणि १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेल शोधणाऱ्यांना पाण्याची गरज अगदी व्यावहारिक कारणाने पडते. खडकाच्या पोकळीत किती भाग तेल आणि किती पाणी, हे विजेच्या रोधावरून काढण्याचे सूत्र गस आर्ची यांनी १९४२ मध्ये दिले. त्यात पाण्याचा स्वतःचा रोध, म्हणजे त्याची क्षारता, ठाऊक असावीच लागते. ती चुकली तर तेलाचा हिशेब चुकतो. पुढे जुन्या क्षेत्रात दाब टिकवण्यासाठी पाणी आत सोडावे लागते, आणि आतले व बाहेरचे पाणी परस्परांना मानवले नाही तर बेरियम सल्फेटसारखे क्षार नळांत बसतात. बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात तर तेल गाळाच्या खडकाखालच्या, भेगाळलेल्या दख्खनी पाषाणातूनही मिळाले. द्रव थरांच्या सीमा पाळत नाहीत याचे हे घरचेच उदाहरण.

पिण्याच्या पाण्याकडे हीच साधने वळली ती वयाच्या प्रश्नातून. काळानुसार ठरावीक गतीने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बन-१४ ने भूजलाचे वय काढण्याची पद्धत कार्ल ओटो म्युनिच यांनी १९५७ मध्ये हायडेलबर्गमधून मांडली. तिचा हिशेब नाजूक असतो, कारण चुनखडकातला जुना कार्बन पाण्यात विरघळतो आणि पाणी आहे त्याहून म्हातारे दिसते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने उत्तर गुजरात आणि कॅम्बे खोऱ्यातल्या खोल जलधारक थरांवर कार्बन-१४, हेलियम आणि रेडॉन वापरून केलेल्या कामात अरवलीच्या पायथ्याशी पाणी तरुण आणि पश्चिमेकडे, सखल पट्ट्याकडे जाताना वाढत्या वयाचे आढळले. दूरच्या टोकाला ते ३० हजार वर्षांच्याही पुढे जाते. याच प्रयोगशाळेच्या अभ्यासात फ्लोराइडचा एक जास्त प्रमाणाचा पट्टा सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या कोरड्या हवामानात मुरलेल्या पाण्याशी जोडला गेला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. मेहसाणा-पाटणकडच्या बोअरमधून ही मर्यादा ओलांडणारे पाणी जेव्हा वर येते, तेव्हा त्याचे कारण शेजारच्या खडकाबरोबरच गेल्या हिमयुगातल्या कोरडेपणातही शोधावे लागते.

या कामातली आजची मुख्य अडचण यंत्रांची नाही, नमुन्याची आहे. पातळी खाली गेली तसे बोअर खोल होत गेले, आणि एकाच नळाला वेगवेगळ्या खोलीवर जाळ्या लावून अनेक थरांचे पाणी एकत्र ओढले जाऊ लागले. अशा बाटलीत पाच हजार आणि पंचवीस हजार वर्षांचे पाणी मिसळलेले असू शकते, आणि प्रयोगशाळा जे वय सांगते ते त्यांपैकी एकाही थराचे नसते. म्हणून बोअर खोदतानाची थरांची नोंद आणि जाळ्यांची खोली रासायनिक अहवालाइतकीच जपून ठेवावी, असा भूरसायनशास्त्रज्ञांचा आग्रह असतो.