दांडी ‘पार्क’वर, गाडी मात्र मोकळी

जून २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी त्या परत बोलावल्या. फ्यूजन, एस्केप, एज, सी-मॅक्स, ट्रान्झिट कनेक्ट ही त्यातली मॉडेल्स. दोष होता प्लास्टिकच्या एका छोट्या बुशमध्ये.

ऑटोमॅटिक गाडीत आपण गिअरची दांडी ‘पी’वर, म्हणजे ‘पार्क’वर नेतो, तेव्हा बॉनेटखाली एक केबल ओढली जाते. केबलचं टोक गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या तरफेच्या खुंटीवर बसवलेलं असतं आणि त्या दोघांना जोडून धरतं ते हे बुश. तरफ फिरली की गिअरबॉक्सच्या आत एक पोलादी खटका दातेरी चक्राच्या खाचेत पडतो. चाकांकडे जाणारा दांडा अडतो, गाडी जागच्या जागी थांबते.

इंजिनाच्या शेजारची उष्णता आणि हवेतला दमटपणा यांनी त्या बुशचं प्लास्टिक हळूहळू खराब होत होतं. लवचिकपणा गेला, तडे गेले, की केबल खुंटीवरून निसटते. मग वर दांडी हलते, खाली तरफ हलतच नाही. चालकाला दांडी ‘पी’वर दिसते, किल्लीही निघते, पण गिअरबॉक्स ‘ड्राइव्ह’मध्ये किंवा ‘रिव्हर्स’मध्येच असतो. ना दिवा लागत, ना बझर वाजत. माणूस उतरतो आणि गाडी उतारावर चालू लागते. रिकॉल जाहीर झाला तेव्हा चार जण जखमी झाल्याच्या आणि सहा ठिकाणी मालमत्तेचं नुकसान झाल्याच्या तक्रारी कंपनीकडे होत्या.

म्हणूनच हँडब्रेक ओढणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा या केबलशी काही संबंध नाही. तो स्वतंत्र वाटेने थेट चाकांचे ब्रेक आवळतो. ऑटोमॅटिक चालवणारे कितीतरी जण ‘पी’च्या भरवशावर तो ओढतच नाहीत. कृपा करून ओढा, सपाट जागेवरसुद्धा.

दुरुस्ती किरकोळ आहे: नवं बुश बसवायचं आणि त्यावर संरक्षक टोपी चढवायची. मालकाला एक पैसाही लागत नाही. याच दोषासाठी २०१८ पासून छोटे रिकॉल झाले होते, पण तेव्हा बुश बदललेल्या गाड्यांनाही २०२२ मध्ये पुन्हा बोलावलं गेलं. त्यामुळे ‘आमचं काम मागेच झालंय’ म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नव्हता. सुटे भाग तयार नसतील तर कंपनी आधी नुसतं इशाऱ्याचं पत्र पाठवते; दुरुस्तीची वेळ दुसऱ्या पत्रानंतर मिळते. मधल्या काळात हँडब्रेकच राखणदार.

खरी अडचण पत्र पोचण्याची. गाडी दोन-तीनदा विकली गेली की पत्र भलत्याच पत्त्यावर जातं. शिवाय अमेरिकेत रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. शिकायला गेलेली आपली मुलं पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात, त्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. डॅशबोर्डवर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात सतरा अक्षर-अंकांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असतो. तो तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी रिकॉल लगेच दिसतात. पैसे देण्याआधीच टाकावा. आणि रिकॉल गाडीला लागू होतो, मालक कितवा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

भारतात गिअरबॉक्सचे रिकॉल होत नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्नाच्या, तर कियाने सेल्टॉसच्या काही पेट्रोल ऑटोमॅटिक गाड्या परत बोलावल्या, गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक तेलपंपाच्या कंट्रोलरसाठी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू आहेत, आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं. त्या तक्रारी ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवाव्या लागतात. वर्कशॉपच्या काउंटरवर घातलेला वाद त्यात मोजला जात नाही.