आरंभीचे सूक्ष्मप्रक्रियक व बुद्धिबळाच्या आज्ञावल्या

इंटेल ८०८०, मोटोरोला ६८००, मॉस टेक्नॉलॉजी ६५०२ आणि झायलॉग झेड-८० हे आठ-बिटी (एका वेळी आठ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक, हाताळणारे) सूक्ष्मप्रक्रियक १९७४ ते १९७६ या काळात आले. त्यांपैकी एकाच्याही आज्ञासंचात (त्याला थेट समजणाऱ्या आज्ञांच्या यादीत) गुणाकार नव्हता. बुद्धिबळाला तो फारसा लागतही नाही. घर वाचणे, बिट तपासणे आणि तक्त्यातून सरकणे हीच खरी कामे.

पीटर जेनिंग्ज यांची मायक्रोचेस (१९७६) ही बुद्धिबळाची आज्ञावली ६५०२ वर चालणाऱ्या किम-१ या छोट्या संगणकासाठी होती. स्मृती जेमतेम १ किलोबाइट. घराच्या क्रमांकाच्या वरच्या चार बिटांत आडवी रांग आणि खालच्या चारांत उभी रांग. आठ रांगांना तीन बिट पुरतात, म्हणून प्रत्येक अर्धुकातला (चार बिटांच्या गटातला) चौथा बिट शून्य असतो. मोहरा पटाबाहेर पडला की तो १ होतो. सोळा-आधारी ८८ शी (ज्यात फक्त हे दोन चौथे बिट १ आहेत) ‘अँड’ करून, म्हणजे दोन्हींत १ असलेले बिटच ठेवून, शाखा घेतली (निकालानुसार दुसऱ्या आज्ञेकडे उडी मारली) की ४–५ चक्रांत, म्हणजे प्रक्रियकाच्या घड्याळाच्या ठोक्यांत, निकाल लागतो. ‘अँड’ने संचायकातले (प्रक्रियकातल्या हिशेबाच्या जागेतले) घर पुसले जाते, म्हणून ते आधी शून्य पृष्ठात (स्मृतीच्या सुरुवातीच्या, झटपट वाचता येणाऱ्या भागात) ठेवावे लागते. ही युक्ती एकाहून अधिक जणांना स्वतंत्रपणे सुचली असावी. मायक्रोचेसमध्ये पट साठवलेलाच नाही, फक्त ३२ मोहऱ्यांची ठिकाणे आहेत. त्यामुळे घर रिकामे आहे हे ठरवायला सारी यादी चाळावी लागते आणि सुमारे ३५० चक्रे जातात.

डॅन व कॅथलीन स्प्रॅकलेन यांच्या सार्गन या आज्ञावलीने मार्च १९७८ मध्ये सॅन होजे येथील संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. ती झेड-८० वर, कडेला कुंपण (पटाबाहेरची खूण असलेली जादा घरे) घातलेल्या १२० घरांच्या पटावर चालते. मोहऱ्याचा रंग सातव्या बिटात असतो आणि तो तपासायला एकच आज्ञा पुरते. मारामारीचा हिशेब करताना दोन्ही बाजूंची माहिती रजिस्टरांच्या (प्रक्रियकातल्या छोट्या साठवण-जागांच्या) दोन संचांत राहते. ‘ईएक्सएक्स’ या आज्ञेने ४ चक्रांत बाजू बदलते. ही सोय फार देखणी आहे. मात्र ‘आयएक्स’ या रजिस्टरामार्फत घर वाचायला १९ चक्रे लागतात, ‘एचएल’मार्फत ७. एकूण पाहता, कमी चक्रांच्या आज्ञांमुळे ६५०२ चे पारडे थोडे जड वाटते. पुढे फिडेलिटी कंपनीच्या बुद्धिबळ यंत्रांसाठी स्प्रॅकलेन दांपत्यानेही तोच वापरला.

६४ घरांसाठी ६४ बिट (घरात ठरावीक मोहरा असेल तर १, नाहीतर ०) ही बिटपटाची कल्पना याआधीची. तिचे श्रेय बहुधा १९६० च्या दशकाअखेरच्या मॉस्कोतील, कैसा ही बुद्धिबळाची आज्ञावली लिहिणाऱ्या गटाकडे जाते. अमेरिकेत स्लेट व ॲटकिन यांनी ती चेस ४.० (१९७३) या आज्ञावलीत स्वतंत्रपणे वापरली, असे मानतात. त्यांच्या सीडीसी कंपनीच्या संगणकाचा शब्द (एका वेळी हाताळायचा बिटांचा गट) ६० बिटांचा होता आणि शब्दातले १ मोजण्याची आज्ञाही तयार होती. ६५०२ वर दोन बिटपटांचे नुसते ‘अँड’ करायला शून्य पृष्ठातही ७२ चक्रे लागतात आणि १ मोजायचे काम त्यानंतर उरतेच.