मराठवाड्याची राजकीय संस्कृती

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातून आलेल्या व आज आठ जिल्ह्यांत विभागलेल्या मराठवाड्यातील सत्ताव्यवहाराची घडण उर्वरित महाराष्ट्राहून वेगळी आहे. मुंबई प्रांतात निवडणुका आणि कायदेमंडळाचा सराव होत असताना निजामी राजवटीत संघटना बांधणेही कठीण होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. त्यामुळे स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे येथील पहिले नेते मुक्तिसंग्रामातून आणि शिक्षणसंस्थांतून पुढे आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाने शरणागती पत्करली आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. हे सामील होणे विनाअट होते, असे येथे आजही आवर्जून सांगितले जाते. वस्तुतः १९५३ च्या नागपूर कराराने निधी, नोकऱ्या व शिक्षणात न्याय्य वाट्याची हमी दिली होती.

ती हमी पाळली गेली नाही, ही भावना येथील राजकारणाचा कणा आहे. १९७४ चे विद्यार्थ्यांचे विकास आंदोलन तिच्यातून उभे राहिले, आणि प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर तिला ‘अनुशेष’, म्हणजे विकासातील साचलेली तूट, हा शब्द मिळाला. घटनेच्या ३७१(२) कलमाखालील विकास मंडळ स्थापन होण्यास १९९४ उजाडले. त्याची मुदत २०२० मध्ये संपली. मात्र शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच प्रदेशाने दिले. तेव्हा मागासलेपणाचा सगळा दोष मुंबईवर टाकणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. नेतृत्वाची ताकद बरीचशी आपापल्या जिल्ह्यापुरती, साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्थांभोवती खर्च झाली. नांदेड आणि लातूर यांच्यातील चढाओढ हे त्याचे ठळक उदाहरण.

काँग्रेसला विरोध प्रथम डावीकडून झाला. कंधारमध्ये केशवराव धोंडगे यांनी शेतकरी कामगार पक्ष रुजवला, तर बीडमधून १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. पुढे संघर्षाचे सूत्र बदलले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत करताच दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडला. या काळाने गावोगावची जातीय दरी उघडी केली. १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि ‘खान हवा की बाण’ ही प्रचाराची भाषा शहरात रुळली. बीडमध्ये गोपीनाथ मुंडे यांनी वंजारी आणि इतर मागास समाजांची मोट बांधून भाजपला ग्रामीण पाया मिळवून दिला.

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतर मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळवून देऊ शकणाऱ्या निजामकालीन नोंदी राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आल्या आणि मराठा व ओबीसी यांच्यातील ताण थेट मतदानात उतरला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत येथील आठपैकी एकही जागा भाजपला मिळाली नाही. काही महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मात्र त्याच मतदारांनी भाजपचा समावेश असलेल्या महायुतीला बहुतांश जागा दिल्या.