क्लाउनफिशची पिल्ले वाढवताना: आधी रोटिफर, मग अंडी

क्लाउनफिश या खाऱ्या पाण्यातल्या माशाची जोडी घरच्या टाकीत एकदा जमली की तिच्याकडून अंडी मिळवायला फारशी खटपट लागत नाही. दोन लहान-मोठी पिल्ले एकत्र ठेवावीत. जन्मतः कोणतेच पिल्लू मादी नसते. त्यांतले मोठे आणि दांडगे पिल्लू पुढे मादी होते, धाकटे नर राहते. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस, दिवसातून दोन-तीनदा सकस खाणे आणि जवळ एखादी सपाट फरशी किंवा मातीची उलटी कुंडी एवढे मिळाले की वयात आलेली जोडी दर दोन आठवड्यांनी शंभर ते काहीशे अंडी घालू लागते. पहिली एक-दोन खेप आई-बापच खाऊन टाकतात. त्याची काळजी नको; नर पुढे अंड्यांना पंखांनी वारा घालायला आणि मेलेली अंडी वेचायला आपोआप शिकतो.

अडचण सुरू होते ती पिल्लाच्या तोंडापाशी. बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम ३-४ मिलिमीटरचे असते आणि सुरुवातीला तरंगते, हलते, जिवंत भक्ष्यच टिपते. कोरडे खाणे कितीही बारीक दळले तरी ते न खाता तळाशी सडते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची ताजी पिल्ले असतात ०.४ ते ०.५ मिलिमीटरची, म्हणजे त्या तोंडाला मोठीच. मावतात ते रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचे. तरीही क्लाउनफिश सोपाच म्हणायचा, कारण त्याचे पिल्लू डोळे आणि जबडा तयार असतानाच अंड्यातून निघते. टँग मासे पाण्यात मोकळी अंडी सोडतात. त्यांच्या पिल्लांना सुरुवातीला धड तोंडही नसते आणि नंतर लागतात ती कोपेपॉड या बारीक कवचधारी जिवांची रोटिफरहूनही लहान पिल्ले. म्हणूनच पिवळा टँग बंदिस्त पाण्यात वाढवणे हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटला अगदी २०१५ साली कुठे जमले आणि निळा टँग फ्लोरिडा विद्यापीठात २०१६ साली. उलट टोकाला बांगाई कार्डिनल हा मासा. त्याचा नर अंडी आणि पिल्ले मिळून सुमारे महिनाभर तोंडात सांभाळतो आणि बाहेर येतात ती थेट आर्टेमिया खाणारी पिल्ले. रोटिफर पाळायचा कंटाळा असेल त्याने बांगाईपासून सुरुवात करावी.

क्लाउनफिशसाठी मात्र रोटिफरची बादली अंडी फुटायच्या दोन-तीन आठवडे आधी चालू असायला हवी. १५-२० लिटरची बादली, १.०१५ ते १.०१८ विशिष्ट गुरुत्वाचे खारे पाणी आणि हवेची उघडी नळी. नळीच्या टोकाला एअर स्टोन (सच्छिद्र दगड) लावू नये; त्याच्या बारीक बुडबुड्यांनी घाण फेसासारखी वर जमते. खाद्य म्हणून नॅनोक्लोरोप्सिस शेवाळाचा दाट अर्क द्यावा, पाण्याला फिकट हिरवी छटा येईल इतकाच. ती छटा गेली की पुन्हा थोडा. रोज पाव बादली पाणी ५३ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून रोटिफर काढून घ्यावेत आणि तेवढेच नवे पाणी भरावे. काढलेच नाहीत तर गर्दी होते, घाण साठते आणि एका रात्रीत सगळे मरतात. हे कधी ना कधी होतेच, म्हणून बादल्या दोन ठेवाव्यात आणि दोन्हींत एकच गाळणी वापरू नये.

किती रोटिफर लागतात? पिल्लांच्या पाण्यात दर मिलिलिटरला ५ ते १०. वीस लिटरच्या टाकीत १० या हिशेबाने दोन लाख होतात. बादलीत मिलिलिटरला २०० असतील तर ते एका लिटरमध्ये मिळतात. पिपेटमध्ये एक मिलिलिटर पाणी घेऊन उजेडासमोर धरले की पांढरे ठिपके मोजता येतात. हे सकाळ-संध्याकाळ मोजावे, अंदाजाने चालू नये.

अंडी २७ अंशांच्या आसपास साधारण सात ते नऊ दिवसांत फुटतात. आधी नारिंगी असलेली अंडी काळपट होतात, मग चंदेरी डोळे चमकू लागतात. त्या संध्याकाळी फरशी पिल्लांच्या टाकीत हलवावी. टाकीत पाणी आई-बापांच्याच टँकमधले, पण अर्धेच भरलेले. अंड्यांशेजारी एअर स्टोन असा लावावा की पाणी त्यांच्यावरून वाहील पण बुडबुडे थेट आदळणार नाहीत. मग पूर्ण अंधार. दिवे गेल्यावर एक-दोन तासांत पिल्ले बाहेर पडतात. अंधार अर्धवट राहिला तर फुटणे लांबते आणि मग पिल्ले कमजोर निघतात. पिल्ले जाळीने उचलू नयेत, पेल्याने पाण्यासकट उचलावीत.

टाकीच्या बाजू बाहेरून काळ्या कराव्यात, उजेड मंद आणि वरून द्यावा. नाहीतर पिल्ले चकाकणाऱ्या काचेकडे धावतात, तिलाच धडकत राहतात आणि खाणे राहून जाते. पाण्यात थोडे नॅनोक्लोरोप्सिस घातल्याने उजेड पसरतो आणि रोटिफरही उपाशी राहत नाहीत. तळ दिसेनासा झाला म्हणजे ते जास्त झाले.

पहिल्या आठवड्यातले बरेचसे मृत्यू भूक किंवा अमोनिया या दोनपैकी एकाने होतात. फिल्टर लावला तर पिल्लेच ओढली जातात, म्हणून तो लावता येत नाही आणि घाण साठते. अमोनिया रोज मोजावा. पाणी उपसण्याऐवजी अर्ध्या टाकीत थेंबथेंब नवे पाणी सोडत ती भरत न्यावी. इथे एक खाच आहे. टाकीचा पीएच ७.८ पर्यंत उतरला असेल आणि नवे पाणी एकदम ओतून तो ८.२ वर नेला, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे अडीच पट होतो. पाणी बदलल्यावर पिल्ले मेली अशी तक्रार असते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. अमोनिया बांधून ठेवणारे द्रावण वापरत असाल तर नेस्लर पद्धतीची चाचणी फसवे आकडे देते. सॅलिसिलेट पद्धतीची घ्यावी.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून आर्टेमियाची पिल्ले थोडी थोडी, रोटिफर चालू ठेवूनच द्यावीत. पोट नारिंगी दिसले की ती खाल्ली. फुटून सहा-आठ तासांतच आर्टेमियाची पिल्ले कात टाकतात आणि अंगातला साठा संपवू लागतात, म्हणून ताजीच द्यावीत, नाहीतर मधे त्यांना मेदाम्लांचे खाद्य चारावे. डीएचए हे मेदाम्ल कमी पडलेली माशांची पिल्ले दिवा लागला किंवा टाकीला धक्का बसला तरी तडफडून मरतात. आर्टेमियाच्या अंड्यांची रिकामी कवचे आतड्यात अडकतात, तेव्हा धुताना ती वेगळी करावीत.

आठव्या ते चौदाव्या दिवसात रूपांतर होते. डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो, पिल्लू तरंगणे सोडून तळाशी, कडेला राहू लागते. इथे मृत्यूंची दुसरी लाट येते आणि आधी कमी खाल्लेलीच जातात. पट्टे आलेल्यांना उजेड वाढवता येतो, स्पंज फिल्टर लावता येतो आणि बारीक कुटलेल्या गोळ्या सुरू करता येतात. आर्टेमिया मात्र आठवडाभर सोबत हवाच. नंतर मोठी पिल्ले लहानांना पिटाळू लागतात, म्हणून आकारानुसार वेगळी करायला दुसरी टाकी लागते. तोवर जोडीने पुढची अंडी घातलेली असतात. दुसरी टाकी पुढच्या खेपेला अडकणार असेल, तर ती खेप आई-बापांच्या टँकमध्येच राहू द्यावी.